घर स्वस्त, जाणं-येणं महाग

गेल्या अंकात बसथांब्याजवळच्या स्वस्त घरांविषयी मी चार ओळी लिहिल्या होत्या: बसच्या रस्त्यांवर, काही अटी घालून, जादा बांधकामाला परवानगी दिली तर घरं स्वस्त होतील. त्यावर पत्रांचा गठ्ठाच आला. एवढी पत्रं मला एरवी फक्त पाण्याच्या विषयावर येतात, आणि सोलापुरात ते साहजिकच आहे. त्यातली चार इथं घेतली आहेत. मला नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी अधिकारी नव्हते की प्राध्यापक. एका आर्किटेक्टकडे तीस वर्षं आरेखक होते. ट्रेसिंग पेपर पसरायचा, रॉट्रिंग पेन घ्यायचं आणि मोकळ्या रानाचे प्लॉट पाडायचे, हे माझं काम. त्यामुळे काही उत्तरांत माझीच कबुली सापडेल.

प्रश्न: अक्का, आम्ही दत्त नगरात एका खोलीत भाड्यानं राहतो. मी विड्या वळते. अक्कलकोट रस्त्याला गावाबाहेर आम्हाला घरकुल मिळालंय. खोली आहे, वेगळं स्वयंपाकघर आहे, संडास-बाथरूम आत आहे. चावी मिळून आठ महिने झाले, पण आम्ही अजून गेलो नाही. यजमान अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर आहेत. मुलगी बारावी झाली, कन्ना चौकाजवळ संध्याकाळी अकाउंटच्या क्लासला जाते. सासूबाईंना महिन्यातून दोनदा सिव्हिलला न्यावं लागतं. माहेरचे म्हणतात, सोन्यासारखं घर बंद ठेवलंस, वेडी आहेस का? जावं की राहावं? खर्च मागच्या पानावर लिहिलाय.
(एक विडी कामगार वाचक)

उत्तर: ताई, तुम्ही वेड्या नाही. मागच्या पानावरचा तुमचा हिशेब मी दोनदा वाचला. वसाहतीची जागा ठरवताना कुणीतरी असा कागद समोर ठेवायला हवा होता. तो इथं सगळ्यांसाठी मांडते.

घरकुलाचा हप्ता राहायला गेलात तरी भरायचा आणि नाही गेलात तरी भरायचा. म्हणून तो बाजूला काढू. तिकडं गेल्यावर खोलीचं भाडं वाचेल, २,८०० रुपये. आता जाणं-येणं धरू. मुलगी आज क्लासला पायी जाते. तिकडून तिला शेअर रिक्षानं अशोक चौकापर्यंत ३० आणि पुढं १०, म्हणजे एका वेळचे ४०, दिवसाचे ८०. महिन्याचे २६ दिवस धरले तर २,०८० रुपये. सासूबाईंना रिक्षात कोंबून नेता येत नाही, म्हणून स्वतंत्र रिक्षा. दोन खेपांचे ४००. तुम्हाला पान-तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या द्यायला कारखान्यात जावं लागेल, ते तुम्ही ६०० धरलेत. एकूण झाले ३,०८०. तुमच्या यजमानांना मात्र एमआयडीसी जवळ पडेल, त्यांच्या पेट्रोलचे ३०० सुटतील. म्हणजे जादा खर्च २,७८० आणि वाचलेलं भाडं २,८००.

महिन्याला वीस रुपये उरतात.

यात मुलीचा वेळ धरलेलाच नाही. क्लास साडेसातला सुटतो. अशोक चौकात रिक्षा भरेपर्यंत थांबायचं, मागं तीन आणि पुढं दोन झाल्याशिवाय ती हलत नाही. घरी पोचायला नऊ वाजणार. शेवटची काही मिनिटं अंधारातून पायी. हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण आठ महिने चावी डब्यात ठेवून बसण्याचं खरं कारण मला तेच दिसतं.

तुमच्यासारख्या बायकांच्या बाबतीत हे आधीही घडलं आहे आणि त्याचा नीट अभ्यासही झाला आहे. १९८७ मध्ये अहमदाबादला ‘सेवा’ संघटनेच्या सभासद असलेल्या कष्टकरी स्त्रियांसाठी ११० घरांची सोडत काढली होती. घरं शहराच्या मध्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर होती. चौदा वर्षांनी शेरॉन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे यांनी चिठ्ठी लागलेल्या आणि न लागलेल्या, दोन्ही बायकांची विचारपूस केली. सोडतीत नशिबाखेरीज दुसरं काही चालत नाही, त्यामुळे ही तुलना चोख होती. घर चांगलं होतं, यात कुणाचाच वाद नव्हता. पण ३४ टक्के बायका तिथं राहायला गेल्याच नव्हत्या आणि ३२ टक्के काही काळ राहून निघून गेल्या होत्या. कुटुंबाची मिळकत वाढली नाही, मुलांच्या आयुष्यातही फरक दिसला नाही. उलट अडीनडीला धावून येणारी भावकी, उसनंपासनं देणाऱ्या शेजारणी मागं राहिल्या. तुमच्या दत्त नगरात रात्री सासूबाईंना धाप लागली तर कुणाचं दार वाजवायचं हे तुम्हाला झोपेतही ठाऊक असेल. हिशेबाच्या कागदावर त्याला रकाना नसतो.

माझं बोलणं घरांच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. कुंभारीच्या माळावर कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी आणि विडी कामगार स्त्रियांनी लढून उभी केलेली गोदूताई परुळेकर वसाहत दहा हजार घरांची आहे. २००६ मध्ये त्या घरांच्या कार्यक्रमाला पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. नंतर रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, आणि त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. दहा बाय दहाच्या खोलीत एका कोपऱ्यात पान भिजत ठेवायचं, दुसऱ्या कोपऱ्यात स्टोव्ह, मधे तंबाखूच्या खकाण्यात पोरं झोपलेली. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना स्वतःच्या दोन खोल्यांचं मोल सांगायला नको. माझा प्रश्न घर आणि शहर यांच्या मधल्या दहा-बारा किलोमीटरांचा आहे. माळावर जमीन स्वस्त म्हणून घर स्वस्त पडतं. तो फरक मग कुणीतरी रोज रिक्षावाल्याच्या हातावर ठेवत राहतं, आणि ते कुणीतरी बहुधा घरातली मुलगी किंवा सून असते.

माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साच्यावर होते. आम्ही गिरणीच्या चाळीत राहायचो. पहिला भोंगा झाला की ते उठायचे, आणि दुसरा होईपर्यंत भाकरी खाऊन खात्यात हजर. दुपारी आई डबा घेऊन जायची आणि गरम भाकरी गरमच पोचायची. त्या चाळीच्या आठवणीनं उमाळे काढायची मला मुळीच हौस नाही. संडासापुढं रांग आणि नळावर भांडणं, असा तो संसार होता. पण जाण्या-येण्यावर आमच्या घरात महिन्याला एक पैसा खर्च होत नव्हता, हे मला फार उशिरा, दुसऱ्यांचे नकाशे काढताना कळलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. घर सोडू नका, पण मुलीचा क्लास संपेपर्यंत घाईही करू नका. तोवर तीन कामं करा. एक, तुमच्या कारखान्याची शाखा वसाहतीजवळ आहे का ते विचारा. असेल तर तुमचं कार्ड तिकडं फिरवून मिळतं का बघा, आणि ते करताना पीएफच्या नोंदी तुटू देऊ नका. एवढ्यानं ६०० वाचतील. दोन, क्लासमध्ये सकाळची बॅच मागा. तीन, आणि हे एकटीनं होणार नाही, चार-पाच जणी मिळून एखाद्या सोमवारी सकाळी सात ते दहा वसाहतीच्या तोंडाशी वही घेऊन बसा. कोण कुठं जातं, कशानं जातं, किती पैसे देतं, एवढंच लिहा. ‘आमच्याकडे बस सोडा’ असे अर्ज ढिगानं पडलेले असतात. ‘सकाळी सात ते आठ अशोक चौकाकडं इतकी माणसं जातात, ही त्यांची यादी’ असा अर्ज बाजूला सारणं जड जातं. तोच कागद एसटीच्या आगारातही द्या. अक्कलकोटच्या गाड्या त्या रस्त्यानं जातात आणि मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. वसाहतीसमोर थांबा मिळाला तर मुलीचा बराच खर्च एका फटक्यात उतरेल.

आणि रिकामं घर कुणाला भाड्यानं द्यायचा सल्ला नातेवाइकांनी दिला, तर आधी वाटपपत्रातल्या अटी वाचा. माहेरच्यांना पुढची दिवाळी तिकडंच असं सांगून टाका.

प्रश्न: माझे होटगी रस्त्याला सहा गुंठे आहेत. बसच्या रस्त्यांवर जादा बांधकामाला परवानगी दिली तर घरं स्वस्त होतील, असं तुम्ही सुचवलंत आणि लगेच अटींची भाषा केलीत. सरकारनं एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) वाढवून द्यावा, बाकीचं बाजार बघून घेईल. अटी आल्या की साहेबांची टेबलं आली.
(एक भूखंडधारक)

उत्तर: टेबलांबद्दलचा तुमचा अनुभव माझ्यापेक्षा ताजा असणार, तिथं वाद घालत नाही. बाजार बघून घेईल, हे मात्र तुमच्याच सहा गुंठ्यांवर घासून बघू.

सहा गुंठे म्हणजे सुमारे ६०७ चौरस मीटर. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत मूळ एफएसआय १.१ आहे. रस्ता रुंद असेल तर पैसे भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क) घेऊन त्यात भर घालता येते, ती तूर्त सोडू. मूळ हिशेबानं तुम्हाला ६६८ चौरस मीटर बांधता येतं. उद्या बसमार्ग म्हणून तो अडीच झाला तर १,५१८. ही बातमी पेपरात आली त्या दिवशी तुम्हाला पहिला फोन कुणाचा येईल? घर घेणाऱ्याचा नाही, एजंटाचा येईल. आणि तुम्ही त्याला गुंठ्याचा कालचा भाव सांगाल का? तुमच्या जागी मी असते तर मीही सांगितला नसता.

शिकागोत नेमकं हेच घडलं. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये तिथल्या महापालिकेनं रेल्वे स्थानकांजवळ जादा बांधकाम आणि कमी पार्किंगची मुभा दिली. योना फ्रीमार्क या अभ्यासकानं पहिल्या पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या. मालमत्तांचे भाव वाढले होते, नव्या घरांचे परवाने वाढल्याचं दिसलं नाही. लॉस एंजेलिसनं २०१७ पासून दुसरी वाट धरली. मोठ्या थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत बांधायचं असेल तर जितकी घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी राखाल तितकं जादा बांधकाम तुम्हाला. फुकट काही नाही, आणि सक्तीही नाही. मला ही पद्धत मारवाड्याच्या दुकानासारखी सरळ वाटते: पैसे ठेवा, माल घेऊन जा.

त्याहून हुशारी कोलंबियातल्या बोगोटा शहरानं केली. तिथं २००० साली ट्रान्समिलेनियो नावाची जलद बससेवा सुरू झाली. त्याआधीच, १९९८ मध्ये, महापौर एन्रिके पेन्यालोसा यांच्या काळात मेट्रोविविएंदा नावाची संस्था काढून शहराच्या कडेच्या जमिनी घ्यायला सुरुवात झाली होती. बस येणार म्हणून भाव चढायच्या आत जमीन घ्यायची, रस्ते-पाणी-गटार करायचं आणि ती कमी किमतीच्या घरांसाठीच बिल्डरांना द्यायची. कडेच्या जमिनी आपणही घेतो. फरक एवढाच की तिथं बसचा नकाशा आणि घरांचा नकाशा एकाच टेबलावर होता. (तुमची टेबलं इथं कामाला आली बघा.)

आपल्या केंद्र सरकारचं २०१७ चं धोरणही असंच सांगतं. थांब्यापासून ५०० ते ८०० मीटरच्या पट्ट्यात दाट वस्ती होऊ द्या आणि मंजूर चटईक्षेत्रातलं सुमारे ३० टक्के परवडणाऱ्या घरांना ठेवा. पुण्यात मेट्रोच्या ५०० मीटरच्या आत चारपर्यंत एफएसआय आहे. सोलापुरात मेट्रो नाही, लोकल नाही. आपल्यासाठी सार्वजनिक वाहतूक म्हणजे सिटी बस आणि एसटी. केंद्राच्या पीएम ई-बस सेवेच्या यादीत सोलापूरचं नाव आहे, तेव्हा कोणते रस्ते बसचे हे ठरवायची वेळ आत्ताच आहे, गाड्या रंगून आल्यावर नाही. राज्यात मोठ्या लेआऊटमध्ये २० टक्के जागा छोट्या घरांना ठेवायची अट आली, ती दहा लाखांवरच्या महापालिकांसाठी. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८. अर्ध्या लाखानं आपण वाचलो की हुकलो, हे तुमच्या-माझ्या उत्तरात वेगळं येईल.

एका बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे, पार्किंगच्या. चारचाकीची एक जागा अडीच बाय पाच मीटरची, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. गाडी वळवायची वाट धरली तर याच्या जवळजवळ दुप्पट. प्रधानमंत्री आवास योजनेतलं गरिबाचं घर ३० चौरस मीटर चटईचं. ज्या माणसाकडे सायकल आहे त्याच्या इमारतीला गाड्यांसाठी खालचा मजला सोडायला लावायचा, आणि त्याचा खर्च त्याच्याच घराच्या किमतीत चढवायचा, याला काय म्हणावं? बस दर पंधरा मिनिटांनी येत असेल तिथं ही सक्ती कमी करा. ती अट काढायला मी तुमच्यासोबत मोर्चाला येते.

आता कबुली. १९९२ मध्ये हद्दवाढ झाली आणि सोलापूर एका झटक्यात १७८ चौरस किलोमीटरचं झालं. त्यानंतर दहा-बारा वर्षं आमच्या ऑफिसात लेआऊटचा पाऊस होता. सकाळी रान, संध्याकाळी प्लॉट. नियमाप्रमाणे दहा टक्के खुली जागा सोडायची, ती मी हमखास नाल्याकडच्या कोपऱ्यात ढकलायची, कारण तिथला प्लॉट विकला जात नाही. नऊ मीटरचे रस्ते एकमेकांत अडकवायचे. एकदा एका मोठ्या लेआऊटमध्ये मी मधोमध पंधरा मीटरचा सरळ रस्ता काढला, दोन टोकांना दोन मुख्य रस्ते जोडणारा, आणि पेन्सिलीनं थांब्याचे दोन चौकोन दाखवले. मालक प्रिंट बघून म्हणाले, “बाई, बसला प्लॉट विकायचाय का तुम्हाला?” रस्ता नऊचा झाला, मधे दोन वळणं आली, तीन प्लॉट वाढले. आजही त्या भागात सिटी बस शिरू शकत नाही. लोकांना मुख्य रस्त्यापर्यंत चालत यावं लागतं. त्या वळणांवर माझी सही नाही, पण हात माझा आहे.

म्हणून पुस्तकातलं ५०० मीटरचं वर्तुळ मी आता जपूनच वाचते. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ वर असतो. दुपारी दोनला, कडेवर मूल घेऊन, डांबरी रस्त्यानं, झाड नाही आणि थांब्याला छप्पर नाही, अशा वेळी ५०० मीटर हे अंतर नसतं, ती शिक्षा असते. तुम्ही सहा गुंठ्यांवर उद्या चाळीस छोटी घरं बांधलीत आणि समोरच्या थांब्यापर्यंत कडुनिंबाची रांग लावलीत, तर मी एफएसआयवाल्यांना तुमच्यासाठी स्वतः पत्र लिहीन.

प्रश्न: आम्ही जुळे सोलापुरात आयुष्याची पुंजी घालून बंगला बांधला. आता कोपऱ्यावरच्या बसमार्गालगत अल्प उत्पन्न गटाची इमारत होणार असं ऐकतो. आमच्या घरांचे भाव पडतील त्याचं काय? जाता जाता एक: पत्नी अंथरुणाला खिळून आहे, तिच्यासाठी ठेवलेल्या बाई रोज तासभर उशिरा येतात. यावरही कधी लिहा.
(एक निवृत्त शिक्षक)

उत्तर: सर, भीती निराधार आहे असं म्हणून तुमची बोळवण करत नाही. रिबेका डायमंड आणि टिम मॅक्वेड यांनी अमेरिकेतल्या अशा इमारतींच्या आसपासच्या घरांचे भाव तपासले. गरीब वस्तीत नवी इमारत आली तर अगदी लगतच्या घरांचे भाव साडेसहा टक्क्यांनी वाढले. सधन, अल्पसंख्याक कमी असलेल्या वस्तीत आली तर सुमारे अडीच टक्क्यांनी उतरले. अमेरिकेचे आकडे जुळे सोलापूरला जसेच्या तसे लागणार नाहीत, पण नुकसान झालंच तर ते किती मापाचं असतं याचा अंदाज येतो. तुम्ही बंगला विकणार नसाल तर ते कागदावरच राहतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर वेगळं लिहायची गरज नाही. त्या बाई कुठून येतात, किती रिक्षा बदलतात, ते एकदा विचारा. कोपऱ्यावरच्या त्या इमारतीत घर मिळण्यासारखं उत्पन्न त्यांचं असेल तर अर्ज भरायला मदत करा. तुमचं अक्षर चांगलं आहे.

प्रश्न: मी अशोक चौकातून शेअर रिक्षा चालवतो. तुम्ही सगळे बस-बस करता. बस आली तर आमच्या पोटावर पाय नाही का? कर्ज काढून गाडी घेतलीय.
(एक रिक्षाचालक)

उत्तर: भाऊ, पाय येणार. लांबच्या रस्त्यावर बस नेमानं धावली तर तुमचं ते भाडं जाईल, हे खोटं बोलून झाकत नाही. पण पहिलं पत्र पुन्हा वाचा. त्या मुलीला बसनं मुख्य रस्त्यावर सोडल्यावर वसाहतीच्या आत शेवटचा एक-दीड किलोमीटर उरतोच. तिथं बस शिरणार नाही. निदान माझ्यासारखीनं काढलेल्या लेआऊटमध्ये तर नाहीच. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ, दहा-दहा रुपयांच्या छोट्या खेपा, रिकामी परत न येणारी गाडी, पेट्रोल कमी. लांबच्या एका खेपेत जे सुटतं ते अशा तीन-चार खेपांत सुटतं का, हे तुम्हीच मोजू शकता, मी नाही. आठवडाभर मोजा आणि आकडे मला पाठवा, पुढच्या अंकात छापते.

आणि त्या बायका सोमवारी वही घेऊन बसतील तेव्हा तुमच्या स्टँडवरच्या दोघांना त्यांच्याबरोबर बसवा. बसचं वेळापत्रक ठरताना थांब्यालगत रिक्षास्टँडची जागा त्याच कागदात मागून घ्या. बस सुरू झाल्यावर मागायला गेलात तर ती जागा एखाद्या हातगाडीनं धरलेली असेल, आणि मग त्याचंही पत्र मलाच येईल.